दुपारी दोननंतरची मुलं

बिर झैतून, ९ जून २०१९

प्रिय शाद्लिया मावशी,

सलाम. ईद कशी गेली हे विचारत नाही. एकटीनं गेली, शांत गेली, असंच तू लिहिणार. सोबत लुआज टॅक्सीवाल्याकडे मकरूद मिठाईचा डबा दिला आहे. स्टँडवर कुणाला तरी वेळेवर पाठव. मागच्या वेळी ट्युनिस येईपर्यंत त्या लुआजवाल्यानं अर्धा डबा फस्त केला होता.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्या इवल्याशा पडद्यावर मनासारखं भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. मी अक्षरशः कपाळ बडवून घ्यायच्या बेतात आहे.

पालिकेवर निवडून आल्यापासून मी एकच तुणतुणं वाजवत होते, पाळणाघर, पाळणाघर. फेब्रुवारीत ते उघडलं. जीन्सच्या कारखान्यातल्या बायका सकाळी मुलं सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात. आपली हूरियासुद्धा. लुत्फी मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातून चार दिवस घरी. माझा भाऊ असला तरी बाप म्हणून त्याचा उपयोग तेवढाच. त्यांचा सिराज दोन वर्षांचा. पाळणाघर नसतं तर हूरियानं शिलाई मशीन कधीच सोडलं असतं.

काल आमचे नगराध्यक्ष सी नूरी यांनी हसत हसत माझ्या हातात परिपत्रक ठेवलं. एक जुलैपासून उन्हाळ्याची एकपाळी. पालिकेचे सगळे विभाग दुपारी दोनला बंद. सगळे म्हणजे पाळणाघरसुद्धा, कारण मुलं सांभाळणाऱ्या तिघी पालिकेच्या नोकर आहेत! मी म्हटलं, "सी नूरी, कारखाना साडेपाचला सुटतो. मधले साडेतीन तास मुलांनी काय करायचं?" तर म्हणाले, "दलेंदा, बाळ, उन्हाळ्यात दुपारी माणूस झोपतो. मुलंही झोपतील."

कुठे झोपतील, ते त्यांनी सांगितलं नाही. मावशी, हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्टाशी भांडता येतं. हा मला पुदिन्याचा चहा पाजतो आणि वर बदाम घालतो.

तुझी,
दलेंदा

*

ट्युनिस, १३ जून

दलेंदा,

मकरूद मिळाले. पाक कमी पडलाय. लुआजवाल्यानं दोन खाल्ले, असं त्यानंच कबूल केलं, म्हणजे चार खाल्ले असणार.

तुला एवढा धक्का कसला बसलाय तेच मला कळत नाही. सी नूरींनी तुला निवडणुकीच्या यादीत दुसऱ्या नंबरावर घेतलं ते तुझ्या अकलेवर लुब्ध होऊन? कायद्यात लिहिलंय, एक पुरुष, एक बाई, एक पुरुष, एक बाई, म्हणून. गणिताची मास्तरीण आहे, सभ्य घरातली आहे, सही करेल आणि गप्प बसेल असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला, आता ते तुझ्यावर बदाम वाया घालवताहेत. मी महिला संघटनेत सारा जन्म काढला. मला सचिव केलं तेव्हाही असेच बदाम आले होते, आणि पुढची तीन वर्षं सचिव म्हणून मी खुर्च्या मांडल्या.

चहा पिऊ नकोस. उभ्यानं बोल. बसलीस की तू पाहुणी होतेस.

आणि तो माझा नियम घातला आहेस ना? पालिकेत काम करणाऱ्या एकाचंही मूल त्या पाळणाघरात नाही? तो नसता तर पहिल्याच आठवड्यात सी नूरींची नातवंडं, त्यांच्या कारकुनाची भाचरं, सगळा गोतावळा पाळण्यात दिसला असता आणि कारखान्याच्या बायका दाराबाहेर. त्या नियमाला कुणी हात लावला तर मला कळव.

शाद्लिया

*

बिर झैतून, २० जून

प्रिय मावशी,

नियम जागच्या जागी आहे. दारावर मोठ्या अक्षरांत लावला आहे.

उभ्यानं बोलले. चहा नाकारला. सी नूरी दुखावले आणि त्या दुखावलेल्या चेहऱ्यानंच म्हणाले, "ठीक आहे, सांभाळणाऱ्या बायका थांबायला तयार असतील तर माझी काय हरकत? विचार त्यांना." मला वाटलं जिंकले! धावतपळत पाळणाघरात गेले.

तिथली मुख्य सलूहा. तुला लिहिलं होतं ना तिच्याबद्दल, रडणारं मूल तिच्याकडे दिलं की दोन मिनिटांत गप्प होतं. तिला सगळं समजावून सांगितलं. दोघी आळीपाळीनं थांबा, तिसरीनं उशिरा यावं, जास्तीच्या तासांचं मी बघते. ती एका मुलाची चड्डी बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "एकपाळी म्हणजे एकपाळी. दोनला मी निघणार."

"का पण?"

"कारण दोनला सुटते."

बाकीच्या दोघींनीही तीच री ओढली. मावशी, मी पुरुषांशी भांडायच्या तयारीनं राजकारणात आले. बाईनंच असं तोंडावर दार लावल्यावर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कारखान्यातल्या बायका काय आवडीनं उन्हाळाभर जीन्स शिवतात? हिला काही वाटत नाही? सी नूरींना सांगितलं तर ते समाधानानं म्हणाले, "बघ, बायकांनाच नकोय."

डोकं फिरलंय माझं. गणिताचे पेपर तपासतेय आणि सगळ्यांना नापास करावंसं वाटतंय.

दलेंदा

*

ट्युनिस, २४ जून

दलेंदा,

मुलांना पास कर. त्यांचा काय दोष?

तुझी सलूहा सी नूरींची माणूस आहे. इतकं सरळ असताना तुला दिसत कसं नाही? तिला कुणी नोकरी लावली? त्यांनीच ना? मग ती त्यांचंच गाणं गाणार. मी अशा डझनभर पाहिल्या आहेत. संघटनेच्या सभेत पुढच्या रांगेत बसायच्या आणि संध्याकाळी आमचं बोलणं नेऊन वर पोचवायच्या.

बाई आहे म्हणून तिला सूट देऊ नकोस. सरळ सांग, थांबायचं नसेल तर थांबणारी दुसरी आणू. गावात कामासाठी बायका रांगा लावतील. कठोर वाटतं? मग राजकारण सोड आणि शाळेत भूमिती शिकव, तिथं त्रिकोण उलटून बोलत नाहीत.

इथं पाण्याची बोंब आहे. चौथ्या मजल्यावर बादली चढवताना मला तुझ्या सी नूरींची आठवण होते, म्हणजे चढायला जोर येतो.

शाद्लिया

*

बिर झैतून, २ जुलै

प्रिय मावशी,

काल एकपाळी सुरू झाली. हूरिया दुपारी मशीन थांबवून धावत आली, घामानं चिंब. बाकीच्या बायकांपैकी कुणी सासूला पाठवलं, कुणी शेजारणीला, कुणाचं आणखी कुणी. कारखान्याच्या मुकादमबाईनं हूरियाला सांगितलंय, पंधरवडा चालवून घेते, त्यानंतर मशीन दुसरीला. मी म्हटलं, सिराजला मी सांभाळते, मला शाळेची सुट्टीच आहे. तर हूरिया उखडली. "नगरसेविकेची भावजय तेवढी वाचली, हे ऐकायचंय का मला? बाकीच्या दहाजणींना मी तोंड कसं दाखवू?" बरोबरच आहे तिचं. इथं सगळ्यांचंच बरोबर असतं, हीच तर कटकट आहे.

मग तुझं पत्र पर्समध्ये घालून मी सलूहाच्या घरी निघाले. धमकी द्यायलाच निघाले होते, उगाच साळसूदपणा कशाला. ती रस्त्यात माझ्या पुढेच होती, जवळजवळ पळत होती. मी हाक मारली तरी थांबली नाही. घराशी पोचले तर ती दाराचं कुलूप काढत होती. बाहेरून लावलेलं कुलूप, मावशी.

आत तिची तीन मुलं. मैसम आठ वर्षांची आणि जुळे मुलगे चार वर्षांचे. नवरा सूस शहरात बांधकामावर, सासरचे लांब कासरीनच्या डोंगरात. एरवी जुळ्यांना शेजारची म्हातारी बघते, पण ती उन्हाळ्यात लेकीकडे गेली. शाळाही बंद. मैसमनं आईला दारातच सगळा अहवाल दिला. एकानं पाणी सांडलं, मी पुसलं. दुसरा रडला, मी गप्प केलं. गॅसजवळ कुणी गेलं नाही. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली, पहारा बदलल्यासारखी.

मी म्हटलं, "सलूहा, हे आधी का सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हीच दारावर लिहून ठेवलंय ना, पालिकेच्या लोकांची मुलं आत घ्यायची नाहीत." आणि मग ती म्हणाली, अगदी शांतपणे, "गावाच्या पोरांना मी सांभाळते, दलेंदाबाई. माझ्यांना कुलूप सांभाळतं. दोन वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, आणि तुम्ही म्हणताय साडेपाचपर्यंत थांब."

बाकीच्या दोघींचीही तीच गत. एकीचं मूल तिच्या आंधळ्या सासऱ्यापाशी असतं.

मी धमकी न देता परत आले. मला लाज वाटली आणि तुझा रागही आला. हे स्पष्टच लिहिते.

दलेंदा

*

ट्युनिस, ५ जुलै

दलेंदा,

असा नियम मी सांगितला होता? मला आठवत नाही. सांगितला असलाच तर सी नूरींच्या नातवंडांसाठी सांगितला होता, चड्ड्या बदलणाऱ्या बाईच्या पोरांसाठी नव्हे. पालिकेचे लोक म्हणजे कोण, एवढं तुला कळायला नको? तू शिकलेली ना? की सगळं मीच लिहून द्यायचं?

असो. खोड तो. "मुलं सांभाळणाऱ्यांची मुलं सोडून" असं घाल. त्यांची पोरं आत आली की त्या दिवसभर थांबतील, तासांची आळीपाळी लाव, आणि सी नूरींची नातवंडं बाहेरच राहू देत. बैठकीत ठराव मांड. हूरियाचं मशीन जायच्या आत.

आणि माझा राग येणं चांगलं आहे. तो बैठकीत काढ.

तुझं पत्र आलं त्या रात्री जेवण गेलं नाही. आठ वर्षांची पोर अहवाल देते म्हणजे काय!

शाद्लिया

*

बिर झैतून, १० जुलै

प्रिय मावशी,

आधी वाईट ते सांगते. काल बैठक झाली, सकाळी अकराला. म्हणजे कारखान्याच्या बायका कारखान्यात, सांभाळणाऱ्या पाळणाघरात, ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्यापैकी एकही हजर नाही. आमच्या पालिकेत निम्म्या बायका, पण आल्या चारच. बाकीच्यांची मुलं घरी होती! हसू नकोस. मी पण हसले नाही.

मी ठराव मांडला. एक म्हणाला, नियम काल केला, आज मोडायचा? दुसरा म्हणाला, कारखानदारानंच पाळणाघर काढावं. तिसरा म्हणाला, बायकांनी आधी आपसात ठरवावं. मी ओरडले, "ठरलंय! सगळ्याजणी तयार आहेत!" सी नूरी माझ्याकडे काळजीनं बघून म्हणाले, "दलेंदाची तब्येत बरी नाही. विषय सप्टेंबरात घेऊ." सप्टेंबरात एकपाळी संपलेली असते, मावशी. सप्टेंबरात हा विषयच नसतो. विषय भिजत ठेवून सगळे जेवायला गेले.

आता आजचं. हे मी घडवलेलं नाही, कुणी विचारलं तर तसंच सांग.

सी नूरींनी लेखी कळवलं होतं की दोननंतर मुलांना पाळणाघरात न ठेवता जबाबदार व्यक्तीच्या हवाली करावं. आज दोन वाजता एकाही मुलाला न्यायला कुणी आलं नाही, हूरियासुद्धा नाही. सलूहानं पाळणाघर बंद केलं, अकराही मुलांना दोरीला धरून रांगेत उभं केलं, वाटेत घरी जाऊन स्वतःची तिन्ही घेतली आणि पालिकेवर गेली. पालिका अर्थातच बंद. मग ती वरात निघाली सी नूरींच्या घरी. आख्खं गाव झोपलेलं, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि चौदा पोरं उन्हातून गाणं म्हणत चाललेली.

सी नूरी झोपेतून उठून घरच्या लांब सदऱ्यात दारात आले. सलूहा म्हणाली, "साहेब, जबाबदार व्यक्तीच्या हवाली करायला सांगितलंय तुम्ही. गावात तुमच्याहून जबाबदार कोण?" ते काही बोलायच्या आत पोरं आत. जुळ्यांनी सरळ त्यांचा पलंग ताब्यात घेतला. सलूहा दाराशी पायरीवर बसली. "माझी पाळी संपली, साहेब. मी नुसती बघतेय."

ते बायकोला हाका मारायला लागले. वसीलाबाई बाहेर आल्या, त्यांनी घरभर नजर फिरवली, सफ्सारीची पांढरी चादर अंगावर घेतली आणि म्हणाल्या, "तुमची चार मुलं मी वाढवली आणि तुम्ही रोज दुपारी झोपलात. आज जरा जागे राहा. मी बहिणीकडे चाललेय."

आणि गेल्या!

कारखाना सुटल्यावर हूरिया आणि बाकीच्या पोचल्या तेव्हा सी नूरी सिराजला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. सदऱ्यावर काय काय सांडलं होतं ते लिहीत नाही. शुक्रवारी तातडीची बैठक बोलावली आहे.

दलेंदा

*

बिर झैतून, १७ जुलै

प्रिय मावशी,

मंजूर. एकमतानं. सूचक म्हणून नाव कुणाचं, तर सी नूरींचं. भाषणात म्हणाले, "कष्टकरी मातांचा प्रश्न मी स्वतः अनुभवला आहे." मी टेबलाखाली मुठी आवळून बसले.

सोमवारपासून पाळणाघर साडेपाचनंतरही चालू. हूरियाचं मशीन तिच्याकडेच राहिलं. मुकादमबाई म्हणे नाराज आहे, तिनं दुसरी शोधून ठेवली होती. सलूहाची जुळी पहिल्या दिवशीच मातीत लोळून ओळखू येईनाशी झाली.

मैसमचं मात्र सांगायला हवं. ती खेळेचना. दाराशी बसून भावांवर डोळे. कुणी पाणी सांडलं की फडकं घेऊन धावायची. सलूहा सांगून दमली, "अगं, आता मी आहे ना इथं." काल दुपारी सगळी मुलं झोपवली तरी ही टक्क जागी. मी तिच्याशेजारी चटईवर बसले. तिनं विचारलं, "तुम्ही जाणार नाही ना?" मी म्हटलं नाही. "सगळी झोपली तर कोण बघणार?" मी म्हटलं, मी बघते. तिनं दोनदा खात्री करून घेतली आणि मग माझ्या मांडीवर डोकं टेकवून अशी झोपली, मावशी, अशी झोपली की मला भडभडून आलं.

नेमके तेव्हाच बाहेर वर्तमानपत्राचे लोक आलेले. फोटो काढायचा होता. सी नूरींनी मला दोनदा बोलावणं पाठवलं. मी उठले नाही. मुलगी जागी झाली असती. आज फोटो छापून आलाय, सी नूरी, दोन सदस्य, मागे पाळणाघराची पाटी. माझं नाव बातमीत नाही. जाऊ दे, मला त्याचं काही वाटत नाही.

दलेंदा

*

ट्युनिस, १९ जुलै

दलेंदा,

गाढवे, वाटायला हवं!

तुझं पत्र वाचून मी रडले, ते वेगळं. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. पण डोळे पुसल्यावर मला जो संताप आलाय तो अजून उतरलेला नाही.

आता गाव म्हणणार, सी नूरींचं पाळणाघर. उद्या सी नूरी पडतील, नवा माणूस येईल, आणि आधीच्याचं ते सगळं बंद, या न्यायानं पहिलं पाळणाघराला टाळं लावेल. तेव्हा त्याला अडवणार कोण? जिचं नाव बातमीत नाही, ती? मी आयुष्यभर हेच केलं. काम झालं ना, मग नाव कुणाचं का असेना, असं म्हणत राहिले. मी उघडलेल्या शिवणशाळा आज कुठं आहेत, विचार मला. एकही नाही.

पुरुष निवडणुकीत दुसऱ्याची पोरं उचलून फोटो काढतात, पोर किंचाळत असलं तरी. तुझ्या मांडीवर खरीखुरी पोर विश्वासानं झोपलेली, आणि तू आत चटईवर बसून राहिलीस! तिला उठवायचं नव्हतं, कबूल. पण उचलून न्यायला काय झालं होतं? आठ वर्षांची पोर काय वजनाची असते?

मी सोमवारी पहिल्या लुआजनं येते आहे. फोटोवाल्याला परत बोलाव, सी नूरींना सांग मावशीनं सांगितलंय. सलूहा, हूरिया, तू, तिघी पुढे. सी नूरींना उभं राहायचं असेल तर मागे राहू देत. आणि मैसम झोपलेली असेल तर उठवू नकोस, तशीच उचल.

शाद्लिया